सॅटेलाइट टोल: चाचणी झाली, मग फास्टॅग बंद का झाला नाही?

‘१ मे २०२५पासून फास्टॅग बंद, आता सॅटेलाइटनं टोल कापणार’ हा मेसेज तुमच्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर आला असेल. ती तारीख येऊन गेली, फास्टॅग मात्र गाडीच्या काचेवर तसाच आहे. मग नेमकं काय झालं?

सॅटेलाइट टोल म्हणजे काय?

सध्या नाक्यावरचा टोल रस्त्याच्या ठरावीक टप्प्यासाठी असतो. नाका ६० किलोमीटरच्या टप्प्याचा असेल आणि तुम्ही २५ किलोमीटरच गेलात, तरी पैसे पूर्ण टप्प्याचे जातात. सॅटेलाइट पद्धतीत गाडीत एक छोटं यंत्र बसवतात. गाडी महामार्गावर किती अंतर धावली हे त्यावरून कळतं आणि तेवढाच टोल कापला जातो.

चाचणी कुठे झाली?

दोन ठिकाणी: कर्नाटकात बेंगळुरू-म्हैसूर (राष्ट्रीय महामार्ग २७५) आणि हरियाणात पानिपत-हिसार (राष्ट्रीय महामार्ग ७०९). जुलै २०२४मध्ये केंद्र सरकारनं संसदेत ही माहिती दिली. सप्टेंबर २०२४मध्ये टोलचे नियमही बदलले. हे यंत्र असलेल्या खासगी कारला दिवसाला प्रत्येक दिशेनं २० किलोमीटरपर्यंत टोल शून्य. त्यापुढे गेल्यास प्रत्यक्ष अंतराचा टोल, अशी तरतूद आली.

मग अडलं कुठे?

मुख्य प्रश्न खासगीपणाचा. अंतर मोजायचं म्हणजे गाडी कधी, कुठून कुठे गेली याची नोंद ठेवणं आलं. ही माहिती कोणाकडे राहणार आणि ती कोण पाहू शकणार? खासगीपणा, सुरक्षा आणि यंत्रणेवरचं नियंत्रण या मुद्द्यांवर आणखी विचार व्हावा, असं तज्ज्ञांच्या समितीनं सुचवलं. अचूकतेचाही प्रश्न आहे. महामार्गाला खेटून सर्व्हिस रोड असेल, तर गाडी नक्की कुठल्या रस्त्यावर आहे हे यंत्रणेला बिनचूक कळायला हवं. नाहीतर न वापरलेल्या रस्त्याचे पैसे कापले जातील.

एप्रिल २०२५मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयानं स्पष्ट केलं, की १ मेपासून देशभर सॅटेलाइट टोल लागू करण्याचा कोणताही निर्णय झालेला नाही.

त्याऐवजी काय येतंय?

फास्टॅग आणि कॅमेरा यांची जोडी. निवडक नाक्यांवर अडथळाच नसेल. कॅमेरा नंबर प्लेट वाचेल, सेन्सर फास्टॅग वाचेल आणि गाडी न थांबता पुढे जाईल. टोल चुकवला तर ई-नोटीस येईल. ती भरली नाही तर फास्टॅग निलंबित होऊ शकतो.

कारमालकांनी काय करावं?

- फास्टॅगमध्ये बॅलन्स ठेवा आणि केवायसी अपडेट करा.
- नंबर प्लेट स्वच्छ आणि नियमातली हवी. कॅमेरा तीच वाचणार आहे.
- राष्ट्रीय महामार्गावर सतत प्रवास असेल तर वार्षिक पासचा हिशोब करून बघा. १५ ऑगस्ट २०२५ला तो ३,००० रुपयांत सुरू झाला. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. पास फक्त खासगी कार, जीप आणि व्हॅनसाठी आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे राज्याच्या अखत्यारीत असल्यानं तिथे तो चालत नाही.

आणि पुढच्या वेळी ‘फास्टॅग बंद’चा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी मंत्रालयाचं अधिकृत निवेदन आहे का, ते बघा.