चोवीस जानेवारीचा रविवार

१९९९ साली २४ जानेवारीला रविवार होता. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं. १ मेला ते वेगळं व्हायचं होतं. कॅथलिक पंचांगात २४ जानेवारी हा संत फ्रान्सिस द सेल्स यांचा स्मरणदिन, आणि नागपूरचं कॅथेड्रल त्यांच्याच नावाचं. गोंदियाचे कॅथलिक याच नागपूर धर्मप्रांतातले. मग त्या सकाळची मिस्सा संताची की रविवारची? नियमांचे कागद शेजारी मांडले, तर नागपूरचं उत्तर एक निघतं आणि गोंदियाचं दुसरं.

आधी तारीख पाहू. हे संत २८ डिसेंबर १६२२ रोजी ल्योंमध्ये वारले. पण तो दिवस हेरोदाने मारलेल्या निष्पाप बालकांचा. म्हणून जुन्या पंचांगात संतांचा सण २९ जानेवारीला असे. १९६९च्या सुधारणेने तो २४ जानेवारीवर आणला. १६२३ साली याच तारखेला आन्सी गावी त्यांचं दफन झालं होतं. आन्सीचा धागा नागपूरपर्यंत येतो. आन्सीतच १८३८ साली पिएर मेर्मिए यांनी या संतांच्या नावाने संघ काढला. १८४५ साली त्या संघाकडे विशाखापट्टणमचं मिशन सोपवलं गेलं. आणि १८८७ साली त्यातूनच नागपूर धर्मप्रांत वेगळा निघाला.

आता मानाचा प्रश्न. संतांचे सण वाढत गेले तसा साध्या रविवारचा स्वतःचा पाठ मागे पडत गेला. १ नोव्हेंबर १९११ रोजी पोप दहावे पायस यांनी त्याला पुन्हा वर आणलं. डिसेंबर १९६३मध्ये व्हॅटिकन परिषदेने रविवार हाच मूळ सण असल्याचं सांगितलं. १९६९ साली मानक्रमाचा तक्ता आला आणि तो १ जानेवारी १९७०पासून लागू झाला. त्यात तीन पायऱ्या आहेत: महोत्सव, सण, स्मरणदिन. स्मरणदिन रविवारी आला की त्या वर्षापुरता गळतो. संतांचा सणही गळतो. महोत्सव मात्र साधारण काळातल्या रविवारची जागा घेतो. आगमनकाळ, उपवासकाळ किंवा पुनरुत्थानकाळातला रविवार असेल, तर महोत्सवालाही पुढच्या दिवशी सरकावं लागतं.

याच तक्त्यातली एक ओळ इथे निर्णायक आहे: चर्चला ज्या संताचं नाव, त्या चर्चपुरता त्याचा दिवस महोत्सव. त्यामुळे २४ जानेवारी १९९९ रोजी नियमाप्रमाणे कॅथेड्रलमध्ये मान संतांचा. सुमारे १३० किलोमीटरवरच्या गोंदियात, जिथे चर्चला दुसरं नाव, तिथे साधारण काळातला तिसरा रविवार. धर्मप्रांताच्या पालकसंताचा दिवस म्हणून धरला, तरी तो ‘सण’ ठरतो आणि रविवारच्या खालीच राहतो.

प्रॉटेस्टंटांकडे या पेचाकडे बघण्याच्या वाटाच वेगवेगळ्या. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यांपैकी अँग्लिकन मंडळी प्रार्थनापुस्तकातले संतदिन पाळत आलेली. प्रेस्बिटेरियन परंपरेच्या १६४५च्या वेस्टमिन्स्टर उपासना-मार्गदर्शिकेने मात्र प्रभूच्या दिवसाखेरीज कुठलाही सणवार शास्त्राधारित नाही असं ठरवलेलं. स्थापनेचा तो दिवस होता आगमनकाळाचा पहिला रविवार. दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, स्कॉटलंडचे पालकसंत आंद्रिया यांचा सण. त्या वर्षी टक्कर एका दिवसाने हुकली.

२०२५ साली ३० नोव्हेंबर रविवारीच आला आणि ती टक्कर झाली. रोमच्या नियमाने आंद्रियांचा सण त्या वर्षी गळला. चर्च ऑफ इंग्लंडच्या आजच्या नियमाने तो सोमवारवर गेला. बिझंटाइन परंपरेत रविवारची गीतं आणि संताची गीतं एकाच उपासनेत गुंफतात. जुन्या प्रेस्बिटेरियन शिस्तीत तर निवाडा करायला दुसरा सणच नाही.

२४ जानेवारी पुन्हा रविवारी येईल २०२७ साली. जिल्ह्याची हद्द बदलली, तरी गोंदियाचं उत्तर १९९९चंच राहील. ते बदलेल फक्त चर्चच्या दारावरचं नाव बदललं तर.