गणपतराव म्हात्रे : विसाव्या वर्षी घडवलेल्या एका शिल्पाने नाव मिळवून देणारे शिल्पकार

शहापूर, मुरबाडसारख्या तालुक्याच्या गावांपासून मुंबईपर्यंत चौकाचौकांत पुतळे दिसतात. पुतळा कोणाचा हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तो घडवला कोणी? महाराष्ट्रात या कलेचा पाया ज्यांनी घातला, त्यांतलं मोठं नाव म्हणजे रावबहादूर गणपतराव काशीनाथ म्हात्रे (१८७६–१९४७).

'मंदिरपथगामिनी' काय आहे?

म्हात्रे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. १८९६ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांनी 'मंदिरपथगामिनी' घडवलं. नऊवारी नेसलेली एक तरुणी पूजेचं साहित्य घेऊन देवळाकडे निघाली आहे, एवढाच विषय. शरीराची अचूक ठेवण युरोपीय पद्धतीची; चेहरा, नेसण आणि भाव मात्र पूर्णपणे इथले. या शिल्पाला बॉम्बे आर्ट सोसायटीचं रौप्यपदक मिळालं.

लंडनपर्यंत वाद का पोहोचला?

भारतीय माणूस हस्तकलेत निपुण असतो, पण 'ललित कला' त्याच्या आवाक्याबाहेरची, असं तेव्हा अनेक इंग्रज जाणकार मानत. जॉर्ज बर्डवुड यांनीही १८८० च्या सुमारास असंच लिहिलं होतं. त्याच बर्डवुडनी या शिल्पाचा फोटो पाहून जाहीर कौतुक केलं. वास्तुविशारद रॉबर्ट चिझम यांनी त्या कौतुकावर टीका केली. पुढे रवींद्रनाथ टागोरांनी बंगालीत म्हात्र्यांवर लेख लिहिला. मुंबईतल्या एका विद्यार्थ्याचं काम थेट देशाच्या स्वाभिमानाचा प्रश्न बनलं होतं.

पुतळा कसा तयार होतो?

आधी मातीत मूर्ती घडवतात. तिच्यावरून साचा काढून प्लास्टरची प्रत ओततात. नंतर त्यावरून ब्राँझचं ओतकाम किंवा संगमरवरातलं कोरीवकाम होतं. या शेवटच्या टप्प्याला खर्च फार येतो. 'मंदिरपथगामिनी' प्लास्टरमध्येच आहे. प्लास्टर ठिसूळ असतं, ओल आणि धक्का त्याला सोसत नाही. म्हणूनच असं काम जपणं महत्त्वाचं ठरतं.

पुढे काय झालं?

म्हात्र्यांना संस्थानं आणि शहरांकडून मोठी कामं मिळाली. अहमदाबादचा व्हिक्टोरिया राणीचा पुतळा आणि मुंबईतला न्यायमूर्ती रानडे यांचा पुतळा ही त्यांचीच कामं. पण पोट भरायचं तर मागणीप्रमाणे राजे, अधिकारी आणि पुढारी घडवावे लागत. देवळात निघालेल्या अनोळखी तरुणीला गिऱ्हाईक नव्हतं. तरीही त्यांचं नाव सर्वाधिक घेतलं जातं ते तिच्यामुळेच.

जे.जे.ची ही परंपरा ठाणे जिल्ह्यातही पोहोचली. गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे सदाशिव साठे कल्याणचे, आणि तेही जे.जे.चेच विद्यार्थी.

पुढच्या वेळी चौकातल्या पुतळ्याचा फोटो काढाल, तेव्हा चौथऱ्यावर शिल्पकाराचं नाव आहे का, तेही पाहा.