पिल्लू आणताय? आधी १९७८ ऐका

मंडळी, नागपुरात ब्रीडरकडून पिल्लू आणायचं ठरलं की टोपली, वाटी, पट्टा लगेच येतो. मी मात्र आधी लसीचं कार्ड विचारतो. काहून? आजोबांच्या काळी पार्वो नव्हताच! हा विषाणू १९७८ मध्ये ओळखला गेला, मांजरांच्या एका विषाणूचा जवळचा नातेवाईक, आणि दोनेक वर्षांत जगभर पोचला. उलट्या, रक्ताची हगवण. लस नसलेलं पिल्लू दोन-चार दिवसांत जाऊ शकतं. मातीत तो महिनोन्‌महिने टिकतो. घरात आधी पार्वो झाला असेल तर फरशी ब्लीचनं धुवा, फिनाइलनं भागत नाही.

२०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही. ‘पंचेचाळीस दिवसांचं घेऊन जा’ म्हणणाऱ्याकडून मी तरी घेणार नाही. आणि हस्की? नागपूरच्या मे महिन्यात? राहू द्या, भाऊ.