उल्हासाच्या मुखाशी एक दिवस

आमच्या अंबरनाथच्या शिवालयाशेजारून एक लहानशी नदी वाहते. तिचे नाव वालधुनी. आज तिची अवस्था सांगण्याजोगी उरलेली नाही. परंतु शके ९८२ मध्ये, म्हणजे इसवी सन १०६० साली, शिलाहार राजा माम्वाणी ह्याच्या कारकीर्दीत हे देवालय उभे राहिले, तेव्हा तिचे पाणी निर्मळ असले पाहिजे. ही वालधुनी उल्हासनगरातून जाऊन कल्याणजवळ उल्हास नदीस मिळते. उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरांत उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर अशी गावे घेत कल्याणास येते, तेथे खाडीचे रूप धारण करते आणि अखेरीस वसईपाशी समुद्रात शिरते. म्हणजे अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर ह्या तिन्ही गावांचे पाणी एकाच दाराने बाहेर पडते, आणि ते दार म्हणजे वसई. भूगोलाच्या तासाला हा नकाशा मी कित्येक वर्षे फळ्यावर काढला. ते दार नीट पाहण्याचा योग मात्र निवृत्तीनंतर आला. त्या एका दिवसाची हकीकत आज सांगावयाची आहे.

वसईस मी पूर्वी गेलो नव्हतो असे नाही. नोकरीत असताना तीन वेळा शाळेची सहल घेऊन गेलो होतो. परंतु शंभर-सव्वाशे मुले, चार शिक्षक, दोन शिट्ट्या आणि जेवणाचे डबे अशा लवाजम्यानिशी जी यात्रा होते, तीत पाहणे थोडे आणि मोजणे फार! मुले किती उतरली, किती चढली ह्या हिशोबात माझा दिवस संपे. किल्ल्याच्या तटासमोर उभे राहून चिमाजीअप्पांच्या पराक्रमावर मी दहा मिनिटे बोलावे, मुलांनी टाळ्या वाजवाव्यात, आणि पाणी पिऊन सर्वांनी परत फिरावे, असा तो क्रम होता.

ह्या खेपेस आम्ही आठ जण होतो. बदलापूरचे तिघे, अंबरनाथचे माझ्यासह तिघे आणि उल्हासनगरहून दोघी. त्या दोघींपैकी एक निवृत्त शिक्षिका होत्या. आम्ही सर्व त्यांना बाई म्हणतो. मार्गदर्शक म्हणून वसईचेच एक गृहस्थ ठरविले होते. ते तेथील सामवेदी ख्रिस्ती समाजाचे. त्यांची केळीची वाडी आहे, आणि जुन्या वसईचा अभ्यास हा त्यांचा छंद. आठांहून अधिक माणसे आणावयाची नाहीत अशी त्यांची अट होती. प्रथम मला ती अट चमत्कारिक वाटली. तिचे मर्म दुपारनंतर कळले.

दिव्याहून वसईकडे जाणारी गाडी धरून आम्ही सकाळीच पोहोचलो आणि बसने किल्ल्यावर गेलो. किल्ला असे आपण म्हणतो खरे, परंतु हा डोंगरी गड नव्हे. हे तटबंदीच्या आतील एक संपूर्ण शहर आहे. गुजराथचा सुलतान बहादूरशाह ह्याने मोगल बादशहा हुमायून ह्याच्या भयाने पोर्तुगीजांची मैत्री पत्करली आणि २३ डिसेंबर १५३४ रोजी तह करून वसई व तिच्या अमलाखालील मुलूख त्यांना दिला. त्या मुलुखात मुंबई हे एक सामान्य बेट होते. तेच बेट पोर्तुगीज राजकन्येच्या विवाहानिमित्त इंग्लंडच्या राजास देण्याचे १६६१ साली ठरले, तेव्हा ते सोडावयास इकडच्या पोर्तुगीजांनी इतकी खळखळ केली की प्रत्यक्ष ताबा मिळण्यास १६६५ साल उजाडले. त्या वेळी वैभव वसईचे होते. उत्तरेकडील पोर्तुगीज प्रांताची ती राजधानी. येथे जहाजे बांधली जात, आणि येथला दगड गलबतांत भरून गोव्याच्या बांधकामांसाठी जात असे.

आमचे मार्गदर्शक घाई करीत नव्हते. फ्रान्सिस्कन पंथाच्या पडक्या चर्चमध्ये त्यांनी आम्हांस खाली पाहावयास सांगितले. पायांखाली सगळ्या कबरींच्या शिळा! त्यांवर पोर्तुगीज अक्षरे आणि घराण्यांची चिन्हे कोरलेली. माझ्या शाळेच्या सहली ह्याच शिळांवरून धावत गेल्या होत्या, हे आठवून मला ओशाळल्यासारखे झाले. पुढे त्यांनी गोन्सालो गार्सिया ह्यांची हकीकत सांगितली. हा वसईत जन्मलेला मनुष्य. फ्रान्सिस्कन पंथाचा सेवक होऊन तो जपानास गेला आणि १५९७ साली नागासाकी येथे इतर सहकाऱ्यांबरोबर त्यास क्रुसावर देहदंड झाला. १८६२ साली रोमच्या धर्मपीठाने त्यास संतपद दिले. उल्हासाच्या मुखाशी जन्मलेला एक मुलगा जपानपर्यंत गेला, ही गोष्ट मी तीस वर्षांत एकदाही वर्गात सांगितली नव्हती.

ह्याचा अर्थ पोर्तुगीजांची राजवट सुखाची होती असा कोणी घेऊ नये. आमच्या मार्गदर्शकांनीही तो घेऊ दिला नाही. देवळे पाडली गेली, धर्मन्यायालयाचा जाच झाला, आणि पुष्कळ कुटुंबे घरदार टाकून खाडीपलीकडच्या मुलुखात आश्रयास आली. आमच्या कल्याण-भिवंडी भागातील अंजूर गावचे गंगाजी नाईक ह्यांनी ह्या जाचाचे गाऱ्हाणे पेशव्यांच्या कानी घातले व मोहिमेसाठी आपली सारी खटपट खर्ची घातली. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले. १७३९ च्या फेब्रुवारीपासून वसईस वेढा पडला, तो तीन महिने चालला. चिमाजीअप्पांनी निकराने असे उद्गार काढल्याची आख्यायिका आहे की, वसई हाती येत नसेल तर निदान माझे मस्तक तरी तोफेने आत पोहोचवा. ही आख्यायिका सांगताना वर्ग किती तटस्थ होऊन ऐकतो, हे प्रत्येक मराठी शिक्षकास ठाऊक आहे.

सेंट सेबास्टियनच्या बुरुजाखाली सुरुंग उडाले ती जागा आम्ही पाहिली. ह्या वेढ्यात मराठ्यांची पाच हजारांहून अधिक माणसे कामी आली, आणि पोर्तुगीजांकडील मेलेले व जखमी मिळून आठशे झाले, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. अखेर १६ मे १७३९ रोजी किल्लेदाराने शरणागती पत्करली. माझा पाठ नेहमी येथे संपत असे.

तेथून आम्ही समुद्राकडील दरवाजाशी आलो. समोर खाडीचे विस्तीर्ण पाणी, पलीकडे भाईंदरचा किनारा. आमचे मार्गदर्शक सावलीत उभे राहून शरणागतीची कलमे सांगू लागले. शिबंदीने हत्यारे घेऊन, वाद्ये वाजवीत, मानाने बाहेर पडावे. ज्यांना जावयाचे असेल त्यांनी बायकामुले व चीजवस्तू घेऊन जावे. जे ख्रिस्ती लोक मागे राहतील त्यांना आपल्या धर्माप्रमाणे उपासना करण्याची मोकळीक असावी. आणि ह्या सर्वांस मुदत आठ दिवसांची.

आमच्यापैकी एकाने हिशोब केला, की २०५ वर्षांचे शहर आठ दिवसांत रिकामे! तो हे काहीशा कौतुकाने म्हणाला. तेव्हा बाईंनी मला विचारले, "गुरुजी, आठ दिवसांत त्यांनी बरोबर काय काय घेतले असेल हो?"

हा प्रश्न मला कोणत्याही विद्यार्थ्याने कधी विचारला नव्हता, आणि माझ्यापाशी उत्तरही नव्हते. मी गप्प राहिलो. मग बाई स्वतःच बोलल्या. त्यांची आई १९४७ साली मुलगी असताना कराचीहून आगबोटीने मुंबईस आली आणि तेथून कल्याणच्या छावणीत. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बांधलेली ही छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांचे घर झाली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी ह्यांच्या हस्ते तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. नदीवरून पडलेले हे नाव पुढे सर्वत्र रुळले, तरी लोक आजही पत्ता सांगताना कॅम्पाचा नंबरच सांगतात. बाई म्हणाल्या, "आमच्या आजोबांचे कराचीत कापडाचे दुकान होते. निघताना त्यांनी दागिने नाही, दुकानाची उधारीची वही उचलली. कोणाकडून किती येणे आहे ते त्यात लिहिलेले. ते पैसे कधी येणार नव्हते. पण वही आईने मरेपर्यंत जपून ठेवली. म्हणून विचारले."

काही वेळ कोणी बोलले नाही. खाडीवरून वारा येत होता. मग मी मार्गदर्शकांकडे वळून विचारले, "ह्या जाण्याची आठवण आपल्या समाजात कशी सांगतात?" ते हसले व म्हणाले, "गुरुजी, गेले ते फिरंगी. त्यांच्यापाशी जावयास गोवा होता. आम्ही इथलेच. आमची शेते इथे, वाड्या इथे, भाषा इथली. आम्ही कोठे जाणार? शाळेत असताना ह्या विजयाचा धडा चालू झाला की वर्गातली मुले वळून माझ्याकडे पाहत. जणू मीच किल्ल्यातून निघालो होतो!"

श्रोतेहो, हे वाक्य मला लागले. माझ्या वर्गातही असा एखादा मुलगा बसलेला असेल, आणि टाळ्या पडत असताना त्याच्याकडे इतरांनी वळून पाहिले असेल. मी विजयाचा दिवस शिकविला, त्याच्या पुढचे आठ दिवस शिकविले नाहीत. आणि खरे पाहता चिमाजीअप्पांचे मोठेपण त्या आठ दिवसांतच अधिक दिसते. आपली पाच हजार माणसे गमावलेल्या सेनेने शत्रूस मानाने जाऊ दिले, त्याच्या स्त्रियामुलांस वाट दिली, आणि मागे राहणाऱ्यांस धर्म पाळू दिला. बाहेर पडलेली माणसे येथून मुंबईस गेली व पावसाळा त्यांनी तेथे काढला. वसईचे ख्रिस्ती शेतकरी व कोळी आजपर्यंत आपल्या जागी आहेत. त्यांच्या वाडीतील सुकेळी आपण चवीने खातो.

ह्या कथेस आणखी एक शेवट आहे. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशव्यांच्या फौजेचा मोड केला, आणि दुसरे बाजीराव पुणे सोडून निघाले. कोकणपट्टीतून समुद्रमार्गाने ते ह्याच वसईस इंग्रजांच्या आश्रयास आले, आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी येथे तह करून आपले स्वातंत्र्य गहाण टाकले. चिमाजीअप्पांच्या भावाचा हा नातू. ज्या शहरातून पोर्तुगीजांनी निर्वासित होऊन पाय काढला, त्याच शहरात ६३ वर्षांनी विजेत्यांच्या वंशातील पेशवा निर्वासित होऊन आला. गंगाजी नाइकांच्या काळी खाडी ओलांडून गेलेले, १७३९ साली गलबतांत बसलेले, १८०२ साली आलेले आणि १९४७ साली आमच्या शेजारी वस्तीस आलेले, ह्यांची कारणे निरनिराळी आहेत. ती एका मापाने मोजू नयेत. अन्याय करणारा व सोसणारा ह्यांतील भेद पुसूनही टाकू नये. परंतु निघताना माणसाने हातात काय घेतले, हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावयास हवा. तो विचारल्यावाचून इतिहासाचा धडा पुरा होत नाही.

आता मार्गदर्शकांच्या अटीविषयी. चाळीस माणसांच्या मेळाव्यात बाईंनी तो प्रश्न विचारला नसता, आणि विचारला असता तरी पुढच्या रांगेपलीकडे कोणास ऐकू आला नसता. आठ माणसे एका सावलीत उभी राहू शकतात आणि एकमेकांचे बोलणे ऐकू शकतात. म्हणून माझी आपणांस विनंती आहे, की जुने बंदर पाहावयास जाल तेव्हा थोडी माणसे घेऊन जा. थंडीचे दिवस निवडा, पाणी बरोबर ठेवा, पायी फिरा. आणि वाट दाखविणारा त्याच गावचा असू द्या. पुस्तकातील तारखा आपण घरी वाचू शकतो; त्या तारखेच्या दिवशी कोणी कोणाकडे वळून पाहिले, हे तेथला माणूसच सांगू शकतो.

परतीच्या गाडीत बाईंनी सुकेळ्यांची पुडी सोडून सर्वांस वाटली. कल्याणजवळ उल्हासाचे पाणी दिसले तेव्हा अंधार पडू लागला होता. पुढल्या महिन्यात सोपाऱ्यास जावयाचे ठरले आहे. तेथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजी ह्यांना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला होता. मंडळी तीच, आठ. माझ्या शेजारचा नववीतला एक मुलगा येऊ इच्छितो. त्यास घ्यावयाचे तर माणसे नऊ होतात. म्हणून मार्गदर्शकांस पत्र घातले आहे. त्यांचे उत्तर आले, की एक विद्यार्थी चालेल, मात्र त्याने प्रश्न विचारले पाहिजेत.