बारदान वजा

आमच्या तळवड्यात कारखाने आणि आयटी पार्क येण्याआधी शेती होती. वडील कांद्याच्या गोण्या घेऊन चाकणच्या बाजारात जात आणि शाळेला सुटी असली की मलाही नेत. काटा झाला की अडत्या वहीत आकडा लिही आणि म्हणे, ‘बारदान वजा.’ गोणपाटाला कोण पैसे देणार? माल तेवढा मोजायचा.

पुढे मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवू लागलो आणि डीएनएचा धडा आला की नेमके हेच करू लागलो. हिस्टोन म्हणजे डीएनए गुंडाळून ठेवणारी प्रथिने, एवढे एक वाक्य फळ्यावर लिहायचे आणि पुढे जायचे. एकदा एका मुलीने विचारले, ‘सर, डोळ्याच्या आणि कातडीच्या पेशीत डीएनए एकच असतो, मग डोळ्याची कातडी का होत नाही?’ ‘निसर्गाची किमया’ म्हणून मी वेळ मारून नेली. उत्तराचा मोठा भाग मी वजा केलेल्या बारदानातच होता.

आधी पसारा केवढा ते पाहा. आपल्या एका पेशीतला डीएनए उलगडून सलग मांडला तर सुमारे २ मीटर भरतो. तो राहतो त्या केंद्रकाची रुंदी मिलीमीटरच्या दीडशेव्या भागाएवढी असेल-नसेल. हा धागा एक मिलीमीटर जाड आहे अशी कल्पना केली, तर त्याची लांबी होईल १,००० किलोमीटर, म्हणजे पुण्याहून नागपूर ओलांडून बरेच पुढे. तो ठेवायचा एका दहा-अकरा फुटी खोलीत, ४६ तुकड्यांत आणि गुंता होऊ न देता.

हा माल प्रथम हाती लागला तो जखमेच्या पट्ट्यांवर. १८६९ साली जर्मनीतल्या ट्यूबिंगेन येथे फ्रीडरिश मीशर हा तरुण स्विस डॉक्टर पुवाने भिजलेल्या पट्ट्या रुग्णालयातून मागवी आणि त्यांतल्या पांढऱ्या पेशी धुऊन काढी. त्यांच्या केंद्रकांत त्याला जो पदार्थ मिळाला तोच आपला डीएनए. बारदान सापडले १८८४ साली, आल्ब्रेख्ट कोसेल याला, हंसाच्या रक्तात. (पक्ष्यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असते, आपल्या तांबड्या पेशींत नसते, म्हणून हंस.) हिस्टोन हे नाव त्यानेच दिले. गंमत अशी की पुढे अनेक वर्षे आनुवंशिकतेचा माल म्हणजे प्रथिनेच, असा बहुतेकांचा समज होता. १९४४ साली ओस्वाल्ड एव्हरी आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या बाजूने पुरावा दिला, पुढे पारडे फिरले आणि हिस्टोन गोणपाटाच्या भावात गेले.

त्या गोणपाटाची वीण दिसली १९७४ मध्ये. डोनाल्ड आणि अदा ऑलिन्स या दांपत्याने इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी रचना दाखवली. त्याच वर्षी रॉजर कॉर्नबर्ग यांनी तिचा हिशेब मांडला: एका मण्यात आठ हिस्टोन आणि त्यांच्याभोवती डीएनएचे वेढे. आज आपण जाणतो की हे वेढे दीडाहून थोडे जास्त असतात आणि एका पेशीत असे सुमारे ३ कोटी मणी असतात.

आमच्या गल्लीत आता गाड्यांचे सुटे भाग पेट्यांत भरणारी एक शेड आहे. तिथला एक कामगार मला म्हणाला, ‘भरणं सोपं असतं हो सर. हवा तो नग बाकीची पेटी न उसकता काढता आला पाहिजे, खरं काम ते.’ पेशीपुढेही हाच प्रश्न आहे. १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट ऑल्फ्री यांनी वासराच्या थायमस ग्रंथीतल्या केंद्रकांवर काम करून सुचवले होते की हिस्टोनांवर अॅसिटिल नावाची छोटी खूण चढते-उतरते आणि जनुकांचे काम त्यावर अवलंबून असावे. खूण चढली की हिस्टोनाचा धन विद्युतभार घटतो, ऋणभारित डीएनएवरची पकड सैल होते आणि जनुक वाचता येते. पण ही खूण चढवणाऱ्या आणि जनुकेही चालू करणाऱ्या प्रथिनाची ओळख पटायला १९९६ साल उजाडले. डेव्हिड अॅलिस यांना ते टेट्राहायमेना या तळ्यातल्या एकपेशीय जिवात मिळाले. त्यानंतर मात्र बारदानाकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. खुणा उतरवणाऱ्या प्रथिनांना रोखणारे व्होरिनोस्टॅट हे औषध २००६ साली अमेरिकेत त्वचेच्या एका लिम्फोमासाठी मंजूर झाले.

त्याच वर्षी आपल्या पुण्यातही या गोष्टीतला एक दुवा जोडला गेला. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. संजीव गलांडे आणि त्यांचे विद्यार्थी सॅटबी-१ या प्रथिनाचा अभ्यास करीत होते. थायमसमधल्या टी-पेशींत हे प्रथिन डीएनएच्या धाग्याला जागोजागी धरून त्याचे फास पाडते. त्यावर फॉस्फेट चढले की ते अॅसिटिल उतरवणाऱ्या प्रथिनाला जवळ करते, फॉस्फेट नसले की चढवणाऱ्याला, असे त्यांनी दाखवले. म्हणजे एकच हात वेळ पाहून पेटी बंदही करतो आणि उघडतोही. डॉ. गलांडे यांना २०१० साली भटनागर पुरस्कार मिळाला.

त्या मुलीचे पुढे काय झाले मला ठाऊक नाही. हे तिच्या कानी पडले तर तिला सांगायचे आहे: बाई गं, डोळ्याच्या पेशीत कातडीची जनुकेही असतात, पण त्यांची गोणी घट्ट शिवलेली असते. पेशी दुभंगून दोन झाल्या तरी ती शिवण बरीचशी तशीच उतरते. कशी, ते शोधण्याचे काम अजून चालू आहे.