गिरणगावाने ताण कसा पेलला

मुंबईतील पहिली सूतगिरणी १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, चिंचपोकळी, शिवडी हा सारा पट्टा गिरणगाव बनला. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या माणसांना इथले काम जड गेले. सूत तुटू नये म्हणून साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, हवा दमट ठेवत, मागांच्या आवाजात शेजारच्याशीही खुणांनी बोलावे लागे, पिंजणखात्यात कापसाची धूळ छातीत जाई. बदली कामगाराला तर आज काम मिळेल की नाही, हे गिरणीच्या दारात उभे राहिल्यावरच कळे.

अशा कामात मन शाबूत ठेवायचे तर आधी विश्रांती हवी, हे नारायण मेघाजी लोखंडे यांनी ओळखले. त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली. साप्ताहिक सुट्टी ही तिची प्रमुख मागणी होती. मालकांनी ती १८९० मध्ये मान्य केली आणि कामगारांना रविवार मिळाला.

उरलेला आधार कामगारांनी स्वतःच उभा केला. एका गावची माणसे मिळून चाळीतला गाळा भाड्याने घेत आणि पाळ्यांप्रमाणे आळीपाळीने झोपत. नव्याने आलेल्याला काम लागेपर्यंत गाववाले सांभाळत. जेवण खाणावळवाल्या बाईकडे असे आणि पैसे पगाराला चुकते होत. या बायकांचे श्रम इतिहासात फार कमी नोंदले गेले. संपकाळात पगार थांबला तरी अनेकींनी, प्रसंगी स्वतः कर्ज काढून, कामगारांना उधारीवर जेवू घातले. या खाणावळवाल्या बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत पोहोचवले.

भजनी मंडळे, व्यायामशाळा, शक्ती-तुऱ्याचे सामने आणि परळच्या दामोदर नाट्यगृहातली कामगार रंगभूमी यांनी पाळीनंतरचे तास भरले. दिवसभर यंत्रापुढे मुका राहिलेला माणूस इथे गात होता, बोलत होता. मात्र हा आधार सर्वांना सारखा मिळाला नाही. गिरणीत राबणाऱ्या स्त्रीला पाळी संपल्यावर घरकाम असे. तिच्या वाट्याला मंडळ क्वचितच आले. व्यसन आणि व्याजाचा फासही याच वस्तीत होता.

१८ जानेवारी १९८२ रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पहिले काही महिने गावाकडचे धान्य, शेजार आणि उधारी यांवर घरे तगली. संप लांबला तसे खाणावळींचे उत्पन्न आटले, गाळे रिकामे झाले, अनेक जण कायमचे गावी परतले. पगार हाच या साऱ्या व्यवस्थेचा पाया होता. तो गेल्यावर एकमेकांना सावरणारी माणसे एकाच वेळी निराधार झाली. या पडझडीचा दोष कामगारांच्या मनोबलाला देणे अन्यायाचे आहे. तो संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही.