कोबा उखडलाय? नुसतं वरून सिमेंट फासू नका

घरातल्या कोब्याला खड्डा पडला की अनेक जण वरून सिमेंट फासतात. काही दिवसांत त्याची खपली निघते. कारण जुना कोरडा कोबा नव्या सिमेंटमधलं पाणी शोषतो आणि धुळीमुळे पकड बसत नाही.

मग करायचं काय?

१. खड्ड्याभोवती हातोडीने हलकेच ठोका. पोकळ आवाज येईल तेवढा भाग छिन्नीने काढा. कडा उभ्या ठेवा, खोली साधारण १ इंच.

२. धूळ धुऊन काढा. जागा काही तास ओली ठेवा, पण पाणी साचू देऊ नका.

३. सिमेंटचं दाटसर पाणी ब्रशने लावा. ते ओलं असतानाच १ भाग सिमेंट, ३ भाग वाळूचा माल दाबून भरा. थापीने सपाट करा.

४. माल घट्ट झाला की ७ दिवस ओलं गोणपाट ठेवा. सिमेंट वाळून नाही, तर पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन मजबूत होतं.

हातमोजे घाला, ओल्या सिमेंटने कातडी भाजते.

भेग पुन्हा उघडली, तर खालचा भराव खचत असू शकतो. वरच्या मजल्यावर गंजलेली सळई दिसली, तर काम थांबवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.